दोघींचं शेवयांचं मशीन

शांतता सभेला बायकांना कुणी बोलावलं नाही, आणि सभेनंतर बोलणं बंद झालं ते आम्हा बायकांचंच.

नमस्कार, ग्रुपवरच्या मंडळी. जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमानांत तणाव झाला, म्हणून आज सकाळी सभा झाली. माझा लेक आणि शेजारच्या खैरूनचा लेक गळ्यात गळा घालून उभे राहिले, फोटो निघाला.

दुपारी खैरूननं भिंतीवरून हाक मारली, "अक्का, कणीक मळली, मशीन आण." दरसाल आम्ही दोघी मिळून शेवया करतो. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं शेवया झेलायच्या. तिच्या ईदच्या आणि आमच्या पाडव्याच्या शेवया एकाच काठीवर वाळतात.

मी मशीन उचललं, तर लेक दारात आडवा.

"आई, यंदा नको. लोक बघतात."

"सकाळी गळ्यात पडलास ते बघितलं नाही होय लोकांनी?"

"ते वेगळं."

भिंतीपलीकडं खैरूनचा लेकही तिला तेच सांगत होता.

तिची कणीक वाळून गेली. माझं मशीन खाटेखाली गेलं. मला एकटीला ते चालवता येत नाही, आणि लेकाच्या घरात राहून भांडून तरी जाऊ कुठं?

सकाळचं वेगळं कसं, ते फोटोतल्या दोघांनीच इथं लिहायचं. बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकू नका.