अंबादासकाकांची चहाबंदी

अंबादासकाका दहावी नापास आहेत आणि त्यांनी आजवर चाळीसेक पीएचडीवाल्यांना शिकवलंय. हसू नका, त्यातलीच एक मी आहे.

घाटकोपरला आमची संस्था आहे. व्यसनांवर संशोधन करू पाहणाऱ्या नवख्या शास्त्रज्ञांना इथे वर्षभर तयार करतात. मी तेजल, दहिसरची. पाच वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केलं आणि मग एकदम माणसांशी बोलायची वेळ आली. उंदीर बिचारा खोटं तरी बोलत नाही.

काका मूळचे जालन्याकडचे, वाढले गोवंडीत. ब्राऊन शुगरच्या नादात नोकरी, पुढचे दात आणि बायको, तिन्ही गेली. त्यातली बायको परत आली. गेली चौदा वर्षं ते साफ आहेत आणि व्यसनी माणसाशी कसं बोलायचं ते आम्हाला शिकवतात. आम्ही छापील प्रश्न वाचायला लागलो की विचारतात, रेशनकार्डाचा फॉर्म भरतेयस का माझा?

या वर्षी नवे संचालक आले, सुबोध सर. माणूस हुशार, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा आलेख हवा. काकांचा वर्ग म्हणजे त्यांना नुसता गप्पांचा अड्डा वाटला. दहा दिवसांत या वर्गाचा उपयोग आकड्यांत दाखवा, नाहीतर वर्ग बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे काका घरी. माझं डोकंच फिरलं, सरांच्या केबिनचं दार मी मुद्दाम आपटलं.

काका मात्र गालातल्या गालात हसत होते. सरांना आकडेच हवेत ना, मग देऊ, म्हणत त्यांनी फर्मान काढलं: वर्गातल्या आम्ही सहाही जणांनी दहा दिवस चहा-कॉफी सोडायची आणि रोज किती कप झाले ते आपापल्या वहीत लिहायचं. तपासणार कुणी नाही. उत्साहाच्या भरात सर म्हणाले, मीपण सोडतो.

वाट लागली आमची. पहिल्याच दुपारी डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातला सगळ्यात हुशार श्रेयस मेंदूतल्या रसायनांवर बोलता बोलता थांबला आणि आपण कशावर बोलतोय ते आम्हालाच विचारायला लागला. मला तर कशाचंही हसू यायचं. फळ्याचं डस्टर बघून मी पाच मिनिटं हसले, यार.

चौथ्या दिवशी मी टपरीवर गेले. फक्त वास घ्यायला, देवाशप्पथ. तर उभ्या टेम्पोच्या आड श्रेयस, हातात कटिंग. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खिदळत सुटलो. मग दोघांनी मिळून शास्त्रीय निष्कर्ष काढला की कटिंग म्हणजे अर्धा कप, आणि अर्ध्याला काही कप म्हणत नाहीत. वहीत शून्य. दुसऱ्या दिवशी आम्ही टपरी बदलली, चहावाल्याला संशय नको म्हणून. एवढी शिकलेली माणसं चहावाल्याला घाबरत होती.

दहाव्या दिवशी सरांनी पडद्यावर आलेख लावला. सात वह्या, सगळीकडे शून्य. सर खूष. उपयोग आकड्यांत दिसला, वर्ग चालू राहणार म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास सोडतेय तोच काका उठले.

"सर, यातली एकही वही खरी नाही. असल्या आकड्यांवर वर्ग चालणार असेल तर तो बंदच करा."

सरांचा चेहरा उतरला. शास्त्रज्ञांना खोटारडं ठरवताय, पुरावा द्या, नाहीतर आजच निघा, असं ते तोडून बोलले. काकांकडे कसला पुरावा? पुरावा माझ्या पोटात होता. पण खोटी नोंद केली तर थेट हकालपट्टी, असं मी संस्थेत आले त्या पहिल्याच दिवशी सही करून दिलं होतं. तरी उभी राहिले.

"सर, मी चहा प्यायले. अकरा कटिंग."

श्रेयस उठला. मग एकेक करत सगळेच. एकीने तर डब्यातून सांबार म्हणून कॉफी आणली होती. सगळं झाल्यावर सरांनी चष्मा काढला आणि जमिनीकडे बघत कबूल केलं की ते रोज सकाळी काचा वर करून गाडीत चहा पितात. मग जे काय हसू फुटलं! सरसुद्धा डोळे पुसत होते. काढायचंच तर आधी मलाच काढावं लागेल, म्हणाले, आणि वर्ग उद्या दहाला भरेल, मीही बसेन.

जरा शांत झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही ओळखलंत कसं?

काका अजून हसतच होते. "आई रोज विचारायची, आज घेतलंस का रे? एकोणीस वर्षं मी रोज नाही म्हणालो. शेवटचं विचारलं ते हॉस्पिटलच्या खाटेवरून. तेव्हाही नाहीच म्हणालो, सर. पुडी खिशात होती."