बाहेरचा हात

चाचा होडीला हात लावत ते दोन्ही तळव्यांनी, दोन्ही बाजूंना एकदम आणि डोळे मिटून. मग म्हणत, "डावीकडं पोट सुटलंय हिचं." तुम्ही-आम्ही कितीही निरखून बघा, आपल्याला काही दिसायचं नाही.

पूर्णगडच्या खाडीवर त्यांनी जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकूड मागे पडलं. त्यातच चाचांचा उजवा हात थरथरायला लागला. कप उचलला की निम्मा चहा बशीत. "आनकी एक होडी हातून पुरी होऊ दे, मग हात ऱ्हावो नायतर जावो," एवढंच त्यांचं मागणं.

नवं शतक नुकतं लागलं होतं. रत्नागिरीतल्या एका लहानशा कंपनीत मी कॉम्प्युटरवर फायबरच्या होड्यांचे साचे आखत असे. आमच्या मालकांनी मुंबईहून एक यंत्र आणलं. टेबलावर बसवलेला छोटा लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला पेन. पेन फिरवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारी खोटी माती कोरली जायची, आणि कहर म्हणजे ती हाताला लागायची! टेकलं की पेन अडायचं. लाकडी होडीचा आकार त्यांच्या हातून उतरवून घ्यावा म्हणून मालकांनी चाचांना बोलावणं धाडलं.

चाचांनी पेन पुढे सरकवलं आणि विंचू चावल्यासारखे मागे उडाले. "या अल्ला! इथं कायतरी हाय!" त्यांनी वाकून टेबलाखालीसुद्धा बघितलं. आम्ही हसून बेजार.

मग मी मातीचा कडकपणा वाढवला, म्हणजे पेन हाताला जास्त घट्ट धरून ठेवील. त्यांनी पुन्हा पेन धरलं, आणि आमचं हसू जागीच जिरलं. हात थरथरत नव्हता. पडद्यावर होडीचं पुढचं टोक सरळ, गुळगुळीत उतरत होतं. चाचांनी पेन सोडलं, हात थरथरला. धरलं, थांबला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाय, पडद्याच्या आत हात माझा हाय. मग भायेरचा हा कुनाचा?"

मी पडद्यावरची ती होडी त्यांच्यासाठी जपून ठेवली.

मग ते रोज सकाळच्या एसटीने यायला लागले. एक सवय मात्र जाईना. उजवा हात पेनवर, आणि डावा पडद्यामागच्या हवेत होडीची दुसरी बाजू चाचपत असायचा. मी हसले की डाफरायचे, "अगो, होडीला कुनी एका हातानं हात लावतं?"

होडीची मागची बाजू तेवढी उरली, त्या दिवशी म्हणाले, "माती मऊ कर गो. एकदम मऊ."

"चाचा, हात हलेल."

"हलू दे. भायेरच्यालाबी थोडं काम देऊ."

मी माती मऊ केली. तेवढ्यात मालकांनी हाक मारली म्हणून गेले. परत येते तो चाचा चपला घालत होते. "झाली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटी आली, चाचा आले नाहीत. दुपारी पूर्णगडहून फोन आला. झोपेतच गेले होते.

काही दिवसांनी मालक म्हणाले, "मागची बाजू खडबडीत राहिली आहे, तेवढी गुळगुळीत करून घे." एक बटण दाबायचं काम. त्याआधी मी पेन धरलं, चाचांसारखे डोळे मिटले आणि मागच्या बाजूवरून फिरवलं.

माझा हात थरथरायला लागला. मऊ मातीत त्यांची थरथर जशीच्या तशी उमटली होती, आणि पेन तिच्यावरून माझा हात नेत होतं. पेन घट्ट आवळलं, तरी थरथर थांबेना. डोळे उघडले, तेव्हा माझा डावा हात पडद्यामागच्या हवेत होता.