पुस्तकात नसलेलं अर्पणगीत

लोणावळ्याच्या आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की नवरा-नवरी आधी फादरांकडे जायची आणि मग शालनकडे. फादर हो म्हणायचे. धाकधूक वाटायची ती शालनची. सव्वीस वर्षं तिनं क्वायर चालवलं, पेटी वाजवली आणि प्रत्येक लग्नाच्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनाविधीची, गाणी निवडली. मी तिच्या शेजारी उभी राहून गायचे, म्हणून सांगते: तिच्याइतकी तालाला पक्की आणि माणसाला कडक बाई मी दुसरी पाहिली नाही.

पोरं मोबाइल काढून सिनेमातली गाणी ऐकवायची. "टीचर, नवरी आत येताना एवढं एकच." शालन होती शाळेच्या ऑफिसात क्लार्क, पण क्वायर शिकवायची म्हणून सगळ्यांची टीचर. एकदा ती वैतागली आणि लाल शाईनं कागद लिहून तिनं गाण्यांच्या कपाटावर डकवला: लग्नाच्या मिस्सात छापील पुस्तकातलीच गाणी होतील. खाली फादरांची सही घेतली. मला तेव्हा बरंच वाटलं. दर लग्नाला कोण भांडत बसणार?

तिचा नवरा राजेंद्र नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात होता. श्रद्धा जन्मली तेव्हा त्यानं आपल्या आईच्या जात्यावरच्या चालीत एक गाणं रचलं. पोरीच्या लग्नात अर्पणाच्या वेळी, वेदीवर भाकर-द्राक्षरस नेतात तेव्हा, म्हणायचं म्हणून. "तोवर तेवढा तुझा कागद काढ," असं तो शालनला चिडवायचा. ती म्हणायची, बघू. चार वर्षांपूर्वी कामावरून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि तासाभरात गेला.

गेल्या वर्षी श्रद्धाचं लग्न ठरलं. पोरीनं आईकडे एकच गोष्ट मागितली, पप्पांचं गाणं. तोवर शालनची बोटं आखडली होती आणि क्वायर अनिताकडे गेलं होतं. शालन गाण्यांची यादी घेऊन सरावाला आली. अनितानं ती वाचली आणि अर्पणगीतापाशी थांबली.

"टीचर, हे पुस्तकात न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मागं कपाटावर तो कागद तसाच होता, शाई विटून गुलाबी झालेली.

शालन फादरांकडे गेली. फादर नवे, बोलायला गोड. म्हणाले, क्वायरचं अनिता बघते, तिची हरकत नसेल तर माझीही नाही. अनिताच्या घरी जाताना शालननं मला सोबत घेतलं. का घेतलं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वी अनिता पवनानगरहून इथं लग्न होऊन आली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिची आई, मुक्ताबाई, चर्चच्या मागच्या खोलीत आमच्याकडे आली. "बाई, दोनच कडवी हायती. म्या सोता जुळवलीत," ती म्हणाली. "पोरीला अजून ऐकवली न्हाईत. उद्या देवाम्होरंच ऐकंल." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं उभ्या उभ्या दोन्ही कडवी म्हटली. शालन तेव्हा पुस्तकाची पानं उलटत होती. गाणं संपल्यावर अनुक्रमणिका पुढं करून म्हणाली, "छान आहे मावशी, पण यात नाही." मुक्ताबाई "व्हय का" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली होती. वर्ष उलटायच्या आत वारली.

अनितानं आम्हाला बसवलं, चहा केला. शालननं उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी कपाला हात न लावता म्हणाली, "अनिता, तुझ्या आईच्या वेळी माझं चुकलं."

"असूंद्या, टीचर. राजेंद्रभाऊंचं गानं घेते मी. श्रद्धाला न्हाई म्हनायला मला जमायचं न्हाई."

शालननं सुस्कारा सोडला आणि कप उचलला. मलाही हायसं वाटलं. अनिता मात्र तिच्याकडेच बघत होती.

"आईनं तुमाला म्हनून दाखवलं व्हतं ना? मला तिनं ऐकवलंच न्हाई. लग्नानंतर मागितलं, तर म्हनली, आता कशाला. मग गेलीच ती." ती पुढं म्हणाली, "तुमचा कान लय पक्का, टीचर. एकदा ऐकलेलं तुमी इसरत न्हाई. काय व्हतं त्यात?"

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी त्याच खोलीत होते, पेटीची खोळ काढत होते. मुक्ताबाईचं हिरवं लुगडं मला आठवतं, तिच्या चपलांना लागलेला चिखल आठवतो. गाण्यातला एक शब्द आठवत नाही.

"आठवत नाही गं," शालन म्हणाली. खरं म्हणजे ऐकलंच नव्हतं. पण तेवढं कबूल करायचा धीर तिला झाला नाही, आणि मलाही नाही. मला आजही स्वतःची लाज वाटते. अनितानं मान हलवली आणि चहा निवतोय म्हणाली.

लग्नात अनितानं राजेंद्रची चारही कडवी म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. पहिल्या बाकावर शालन खाली मान घालून रडत होती. बायका म्हणाल्या, नवऱ्याची आठवण आली बिचारीला. मी वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

मिस्सा संपल्यावर अनिता तिच्याकडे आली. राजेंद्रचं गाणं तिनं स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं होतं.

"एक प्रत कपाटात ठेवलीया," ती म्हणाली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊंद्या. मानूस गेल्यावर मागं काय सापडत न्हाई, टीचर."

कागद शालनच्या हातात देऊन ती पेटीला खोळ घालायला गेली.