उठंना अंगठा

नाव श्रीमंत, हातात कोयता. पाथर्डीकडचा श्रीमंत गर्जे दर हंगामाला ऊस तोडायला जायचा. कोयत्याच्या मुठीनं त्याच्या अंगठ्यावरच्या रेघा पार घासून नेल्या होत्या. अंगठा कसला, नदीतला गोटा!

म्हणून तर आठवडे बाजारात छत्रीखाली सिम विकणारं पोरगं वैतागलं होतं. नाकात बोलायचं, "काकाऽ, उठंना अंगठा! टॉवेलला पुसा. परत लावा. अहो दाबाऽ! परत!" श्रीमंतच ओशाळला. आपल्यापायी पोराला लई तरास, म्हणून जाताना त्याला चहा पाजून आला.

वर्षानं पोलीस ठाण्यातून फोन आला. हवालदाराचा आवाज घागरीत तोंड घातल्यासारखा. "श्रीमंत गर्जे का? तुमच्या नावावरच्या सिमवरून एका बाईला लुबाडलंय. उद्या आधार घेऊन या."

"सायेब, माझ्याकडं एकच सिम हाय..." म्हणेस्तोवर फोन कट.

"कोण हुतं? मुकादम?" बायको लंकाबाई चुलीपुढून ओरडली. श्रीमंतनं ठाण्याचं सांगितलं आणि फोन लेकीच्या हातात दिला.

आपल्या नावावर किती सिमं चालू आहेत, ते सरकारच्या साइटवर दिसतं. कॉलेजात जाणाऱ्या पंकजानं बापाचा नंबर तिथं टाकला आणि आलेली यादी दोनदा मोजली.

"आण्णा, नऊ हायेत. सरकार एका मानसाला नऊच देतं. तुमचा कोटा फुल्ल!" हसायला गेली, पण हसू फुटलं नाही.

श्रीमंत अंगठ्याकडं बघत राहिला. "म्हंजी उठत हुता गं. दर बारीला उठत हुता. मला धरत्याल का?"

"तुमाला आलेला फोन कापता येत न्हाई, तुमी काय लुबाडताय!" लंकाबाई म्हणाली, पण तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

पंकजानं आठ नंबरांपुढं 'हा माझा नंबर नाही' दाबलं, तरी रात्रभर त्याला बेड्याच दिसल्या.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "बसा काका. त्या सिमवाल्याला शोधतोय आम्ही. तुमचा जबाब तेवढा द्या." जबाब लिहून झाला. श्रीमंत लेकीला म्हणाला, "वाच. समदा वाच." तिनं वाचला. मग त्यानं शाईत अंगठा बुडवला आणि श्वास रोखून कागदावर टेकवला.

हवालदारानं कागद उजेडाला धरला.

"काका, उठला नाही नीट. परत लावा."

श्रीमंतची मूठ मिटली ती उघडेचना. पंकजा एकेक बोट सोडवू लागली.