भट्टीच्या तोंडाचा ठराव

सम्यक, आर्या, तुमच्या छोट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, आयुष्यात एकही गोष्ट एकट्यानं केलेली नाही. त्यांना शिंकसुद्धा एकट्यानं येत नसावी असा आमच्या घरात समज आहे. आधी ते इकडेतिकडे बघतात, कुणी सोबतीला आहे का, आणि मगच रुमाल काढतात. मुलगी बघायला गेले तेव्हा इतकी माणसं बरोबर नेली, की मुलीच्या वडिलांना वाटलं वऱ्हाडच दारात आलं. परतीच्या जीपमध्ये म्हणे त्यांनी मतदान घेतलं. माझ्या जाऊबाई इतक्या वर्षांनीही विचारतात, "तवा कुणाचा हात वर झाला न्हवता, तेवढं सांगा की." आणि भाऊजी गंभीरपणे सांगतात, "गुप्त मतदान व्हतं."

सहकार हा त्यांचा धंदा नव्हता, ती त्यांची प्रकृती होती. दुसऱ्यांदा चहा हवा असला तर माणूस म्हणेल, जरा चहा टाका. भाऊजी ओसरीवरून म्हणत, "चहा व्हावा असा ठराव मी मांडतो." आतून जाऊबाईंचा आवाज येई, "अनुमोदन न्हाई." मग ते आशेनं माझ्याकडे बघत, मी अनुमोदन देई, आणि बहुमतानं चहा येई. एकदा गल्लीतल्या भटक्या कुत्र्याचीसुद्धा त्यांनी सोसायटी काढली. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं भाकरी घालायची आणि कुत्र्यानं सगळ्यांची घरं राखायची. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं, पण भुंकेना. "भुंकंल कुणावर?" भाऊजींनी त्याची बाजू घेतली, "सगळेच सभासद हायेत."

या सगळ्या सोसायट्यांमध्ये खरी, चालती-बोलती आणि बरीच वर्षं टिकलेली एकच होती, ती गावची दूध डेअरी. भाऊजी तिचे चेअरमन आणि सोपानराव व्हाइस चेअरमन. सोपानरावांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि म्हशी राखणारं, आमचं घर बाबासाहेबांच्या मागे निघालेलं. पण पहाटे कॅन धुवायला दोघं एकाच दगडावर बसायचे. पुढे ओळीनं कोरडी वर्षं आली. वैरण संपली, कुणी जनावरं चारा छावणीला नेली, कुणी विकली, आणि डेअरीच्या कॅनमध्ये दूध तळ झाकण्यापुरतंही येईना. डेअरी बंद करण्याचा ठराव चेअरमन म्हणून भाऊजींनीच मांडला. सगळे हात वर झाले, एक सोपानरावांचा सोडून. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं थांबलं. भाऊजी रोज पहाटे सवयीनं उठायचे, पत्र्याच्या रिकाम्या डेअरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. चहाचे ठरावही त्यांनी सोडून दिले. त्यांना त्या वर्षी चहा मागून प्यावा लागला, ही गोष्ट मला कोरड्या विहिरीपेक्षा जास्त लागली.

अशात तुम्ही नाताळच्या सुट्टीत आलात. तुम्हाला आठवत असेल, सम्यक भाकरी बाजूला सारून म्हणाला होता, "इथं पिझ्झा नाही मिळत?" तू सहज बोललास, बाळा. पण दुसऱ्या दिवशी छोटे आजोबा पाटोद्याहून एसटी धरून बीडला गेले, आणि मांडीवर पिझ्झ्याचा खोका आडवा धरून परत आले. वाटेत कंडक्टरला त्यांनी तो खोका तिरपा करू दिला नाही. घरी पोचेपर्यंत त्याच्यावरचं चीज घट्ट होऊन खोक्याच्या झाकणाला चिकटलं होतं. तुम्ही दोघांनी तो शहाण्यासारखा खाल्लात. भाऊजींनी एक तुकडा चावून बघितला आणि मला हळूच म्हणाले, "वैनी, हे तर शिळं हाय. पोरं आपल्या दारात येऊन शिळं खाऊन चालली."

तुमचं विमान उडालं असेल नसेल, त्यांनी घरामागच्या परसात काठीनं एक वर्तुळ काढलं. "पुढच्या नाताळाला हितं भट्टी." त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी असा ऐकू आला. तुमच्या बाबानं भट्टी बांधायचा एक व्हिडिओ पाठवला. त्यातलं इंग्रजी मी मराठीत सांगायची आणि भाऊजी डोळे मिटून ऐकायचे. वाळूचा घुमट रचायचा, त्यावर भुसा मिसळलेली माती थापायची, माती सुकली की आतली वाळू काढून घ्यायची. सोपं होतं. अडचण एकच होती, पाण्याची. माणसांना प्यायला टँकर, आणि माती तर पाण्यावाचून मळत नाही. प्यायच्या पाण्याला हात लावायला भाऊजींचं मन होईना.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण टंचाईत आमच्याकडे माणूस बाजेवर बसून आंघोळ करतो. बाजेखाली घमेलं ठेवायचं, वरून तांब्या-तांब्यानं पाणी घ्यायचं आणि खाली साठलेलं पाणी भांड्यांना, नाहीतर एखाद्या झाडाला घालायचं. भाऊजींनी डेअरीच्या जुन्या सभासदांना बोलावलं आणि जाहीर केलं: भट्टीची सोसायटी निघते आहे, भांडवल पैशात घेतलं जाणार नाही. बाजेखालच्या पाण्याची एक बादली, तो एक भाग. लोक आधी हसले, मग आले. सकाळी सकाळी आमच्या परसात बादल्या घेऊन माणसं उभी. कुणाच्या पाण्याला साबणाचा वास, कुणाच्या पाण्याला तेलाचा तवंग. एका घरची बादली फारच स्वच्छ दिसली तेव्हा भाऊजींनी ती परत पाठवली. "हे प्यायचं पाणी हाय. आंघोळ करून या." ज्या गावच्या आडावर माझ्या सासूबाई ओंजळ पुढे करून बाजूला उभ्या राहत आणि कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी त्यांना मिळे, त्याच गावच्या सगळ्या आळ्यांची आंघोळ त्यांच्या धाकट्या लेकानं एका खड्ड्यात ओतली आणि पायानं तुडवून तिचा चिखल केला. याचा त्यांनी कुठे गवगवा केला नाही. मला वाटतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. त्यांना चिखल घट्ट हवा होता, इतकंच.

भट्टीशेजारी बसून जेवायला मांडव हवाच होता. त्यासाठी बाभळीच्या मेढी रोवल्या, वर डेअरीचेच पत्रे घातले आणि बसायला डेअरीचे दुधाचे कॅन उपडे करून त्यांवर फळ्या टाकल्या. ज्याचा त्याला आपला कॅन पोचे बघून ओळखता येत होता. पुढच्या बाजूला, भट्टीच्या अगदी समोर, दोन कॅन भाऊजींनी फळीविना मोकळे ठेवले, ते तुमचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग भट्टीच्या तोंडाचा प्रश्न आला. व्हिडिओतल्या माणसानं बजावून सांगितलं होतं, की तोंड घुमटाच्या उंचीपेक्षा बरंच ठेंगणं ठेवा, नाहीतर धग बाहेर पळते. मी हे सभेत दोनदा वाचून दाखवलं. पण सभासदांचं म्हणणं वेगळं होतं. एकीला तिची मोठी परात आत जायला हवी होती. एकाला कणसं भाजायला दोन्ही हात घालायचे होते. एक जण म्हणाला, "लहान तोंडाची भट्टी कंजुषाची दिसंल, चेअरमन. पाव्हणे काय म्हणतील?" भाऊजींनी मत घेतलं. मोठ्या तोंडाच्या बाजूनं सगळे, लहान तोंडाच्या बाजूनं मी एकटी. ठराव मंजूर झाला, आणि भट्टीला असं तोंड पडलं की आमची मांजर पिल्लांसह आत येऊन-जाऊन राहू लागली.

पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, भाराच्या भारा आत गेला. धग बाहेर, धूर आमच्या डोळ्यांत, आणि जाऊबाईंनी थापलेला पिझ्झा खालून पापड, वरून कच्ची कणीक. सभासद एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, दोन हात माती लावा आणि तोंड लहान करा. अर्ध्या दिवसाचं काम." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी चोरीच सुचवली. "वैनी, ठराव झालाय. ठराव फिरवायला विशेष सभा लागती. विशेष सभेला सगळी जुनी मंडळी पाहिजेत."

"सगळी आहेत की."

"व्हाइस चेअरमन न्हाई."

त्या दिवसापासून भट्टी थंड. पावसाळा नावापुरता येऊन गेला, दसरा झाला, तुमच्या येण्याचे दिवस जवळ आले, आणि भाऊजी रोज तिच्यासमोर बसून तिच्या उघड्या तोंडाकडे बघत. चीजचाही प्रश्न होता. ते बीडला विकत मिळतं, पण डेअरीच्या चेअरमननं चीज विकत आणायचं हे त्यांना मंजूर नव्हतं. आणि गावात दुभती म्हैस एकच उरली होती, तीही सोपानरावांच्या दावणीला. चेअरमननं त्या मतदानात आवाज चढवला असता तर तोंड लहान झालं असतं, हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी ते गप्प का बसले, याबद्दल मला तेव्हाही शंका आली होती आणि आजही आहे.

एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "वैनी, चला. एकट्यानं नोटीस देता येत न्हाई."

सोपानराव अंगणात दावं वळत बसले होते. "या वैनी, बसा," मला म्हणाले. भाऊजींकडे मान न वळवता विचारलं, "हे कोण हायेत? ओळखीचे दिसतेत."

भाऊजी उभ्यानंच म्हणाले, "विशेष सभेची नोटीस द्यायला आलोय."

"डेअरी बंद केलीस बे तू. आता कशाची सभा?"

"भट्टीची. तोंड लहान करायचंय."

"मोठं कुणी केलं?"

"बहुमतानं."

सोपानराव हातातलं दावं सोडून खोकला लागेपर्यंत हसले. मग हसू ओसरलं आणि म्हणाले, "माझ्या वक्ताला बी बहुमतच व्हतं."

भाऊजी खाली बघत म्हणाले, "व्हतं. तवा माझा हात वर गेला, सोपान, त्यो अजून खाली आला न्हाई."

सोपानरावांनी दाव्याची गाठ बांधली, सोडली, परत बांधली. "कावून आलास, खरं सांग. दुधासाठी?"

"दूध बी पाहिजे. पर आधी माणूस पाहिजे."

"मी सभासद कुठं हाय? माझी बादली न्हाई तुझ्या चिखलात."

"मंग दे की. आंघोळ कवा केल्तीस?"

"परवा."

"मंग आज कर."

मी पाठ फिरवून गोठ्याकडे गेले. मागे बाज ओढल्याचा, घमेलं सरकवल्याचा आणि तांब्याचा आवाज आला. सोपानराव ओरडत होते, "गार हाय बे!" आणि भाऊजी सांगत होते, "मागं बी घे, मानंवर, बादली भरायची हाय." थोड्या वेळानं इस्त्रीच्या सदऱ्यातले चेअरमन व्हाइस चेअरमनच्या आंघोळीच्या पाण्याची बादली स्वतःच्या हातानं उचलून भर गावातून निघाले. लोक दारात येऊन बघत होते. एक थेंब सांडू नये म्हणून ते इतके जपून चालत होते, की मला तो एसटीतला खोका आठवला. मागून अंग पुसत सोपानराव, "हळू चाल, भागभांडवल हाय माझं!"

विशेष सभा मांडवात भरली. तोंड लहान करण्याचा ठराव सोपानरावांनी मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि सगळे हात वर झाले. त्या बादलीच्या पाण्यात मळलेली माती भट्टीच्या तोंडाला लागली. आजही तिचा रंग बाकीच्या मातीपेक्षा थोडा काळपट दिसतो. म्हशीच्या दुधाचं चीज जाऊबाईंनी व्हिनेगर घालून, गरम पाण्यात मळून, दोरीसारखं ताणून केलं. वर ठेचा हवा असं सभासदांचं मत पडलं आणि माझं मत पुन्हा एकटं पडलं. भट्टी अशी तापली, की समोर उभं राहवेना.

तुमचं येणं रद्द झाल्याचा फोन त्याच आठवड्यात आला. बाबाची रजा नामंजूर झाली, त्यात तुमचा काही दोष नाही. मला भाऊजींना सांगायचा धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ठरलेल्या दिवशी भट्टी पेटलीच. सगळे आपापल्या कॅनवर बसून जेवले, सोपानराव भाऊजींच्या शेजारी, आणि समोरचे दोन कॅन रिकामे. जेवणं झाल्यावर लोक उठू लागले तेव्हा भाऊजींनी हात वर केला. "सभा संपली न्हाई. तहकूब झाली."

आता त्यांचे गुडघे दुखतात. कॅनवरून उठताना एका बाजूनं जाऊबाई आणि दुसऱ्या बाजूनं सोपानराव हात देतात. एकट्यानं उठायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. चहाचे ठराव पुन्हा सुरू झालेत. भट्टीला वरून मातीचा दुसरा लेप दिला, त्यात मागच्या अंगाला मात्र वीतभर जागा त्यांनी लिंपायची ठेवली आहे. तिथून धग बाहेर जाते, पऱ्हाट्या जास्त लागतात. सभासद कुरकुर करतात, मीही एकदा बोलले. "ऱ्हाऊ द्या, वैनी," ते म्हणाले, "त्या पोरांच्या बादल्या यायच्यात अजून." बाज मी पडवीत उभी करून ठेवली आहे. आणि भट्टी पेटते तेव्हा, पत्र्याखालची बडबड ऐकत, मी मागच्या बाजूला त्या वीतभर जागेसमोर खुर्ची टाकून बसते. थंडीच्या दिवसांत तिथं चांगली ऊब लागते.