डाव्या हाताची कमाई

आज सकाळी नातीनं डाव्या हातात पेन्सिल धरली आणि सुनेनं ती हळूच उजव्या हातात दिली. मला एकदम आखातातल्या मीना अब्दुल्लातली शुक्रवारची, सुट्टीची दुपार आठवली. तापलेली वाळू, रिफायनरीचा उग्र वास आणि माझ्या पायाशी घरंगळत आलेला पांढरा चेंडू.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी तिथल्या मेसमध्ये स्वयंपाकी होतो. भान विसरून चेंडू डाव्या हातानं परत भिरकावला, रत्नागिरीत कैऱ्या पाडायचो तसा. लगेच हात पाठीमागे लपवला. लहानपणी या हातानं काही दिलं-घेतलं की अम्माचे फटके ठरलेले.

खेळणाऱ्यांतला उंच अमेरिकन फिटर धावत आला. पूर्वी तो बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा होता; खांदा गेला म्हणून पाइप जोडायला आलेला.

"लपवतोस काय? माझं घर आठ वर्षं याच हातावर जेवलं!" असं म्हणून त्यानं आपला चेंडू झेलायचा घामट चामडी ग्लोव्ह माझ्या उजव्या हातात चढवला. फेकायला डावा मोकळा राहिला. जन्मात पहिल्यांदाच उजवा डाव्याचा मदतनीस झाला.

जेवतो मी अजूनही उजव्यानंच. पण आज नातीची पेन्सिल तिच्या डाव्या हातात परत दिली. सुनेदेखत, माझ्या डाव्या हातानं.