आत्या आत, हँडल टेबलावर

माझ्या सख्ख्या आत्याला मी बाथरूममध्ये कोंडलं, ते शिक्षणासाठी.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला थ्री-डी डिझाइन शिकायची हौस आली. ऑनलाइन वर्गातले सर म्हणाले, "घरातली एक वस्तू निवडा, खोला, मापं घ्या आणि कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी करा." मी मिक्सरकडे नुसतं पाहिलं, तर बायको, सुमन, ओरडली, "हात तर लावून बघा!" शेवटी बाथरूमच्या दाराचं हँडल निवडलं. त्याच्याकडे कोण बघतंय?

दोन्ही बाजूंची हँडलं, स्क्रू, मधली चौकोनी सळई, सगळं काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. मॉडेल तर असं झालं की बस! बटण दाबलं की पडद्यावर हँडल फिरायचं, कुलपाची जीभ आत जायची, दार उघडायचं. मी स्वतःवरच खूश!

नेमकी तेव्हाच बेळगावची सुशीआत्या आमच्याकडे आलेली. मल्लेश्वरमला नात्यात साखरपुडा होता, आणि मुलीची ओटी आत्यानंच भरायची होती. आमच्या मारतहळ्ळीहून मल्लेश्वरम म्हणजे एकाच शहरात असूनही जवळजवळ परगावच, म्हणून टॅक्सी लवकर बोलावलेली. पैठणी नेसलेली आत्या "आलेच हं तोंड धुऊन" म्हणत आत गेली आणि तिनं दार लोटलं.

खट्ट!

मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो. हँडल काढलं होतं, पण कुलपाची जीभ दारातच होती!

"बाळ्या, ह्या दाराला हँडल कुठाय रे?"

"टेबलावर, आत्या."

"मग मी काय टेबल उघडू?"

"घाबरू नकोस, सळई घालून फिरवली की झालं!" मी टेबलाकडे धावलो. स्क्रू होते, हँडलं होती, सळई नव्हती!

"सुमन, सळई पाहिलीस का गं?"

उत्तर बाथरूममधून आलं. "ती लोखंडाची कांडी होय? मीच टाकली की सकाळी कचऱ्यात! जेवायच्या टेबलावर भंगार ठेवतात होय रे?"

कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती!

खालून टॅक्सीवाल्याचा फोन. "सर, बेग बन्नी!" (लवकर यायला आम्ही एका पायावर तयार होतो हो! पण आत्या?) आरडाओरडा ऐकून शेजारच्या अक्का आल्या. त्यांना नीट कळावं म्हणून मी लॅपटॉपच समोर धरला. पडद्यावर दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. अक्का आ वासून आधी पडद्याकडे, मग खऱ्या दाराकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

आत्याचा आवाज आता रडवेला झाला. "अरे, पोरगी पाटावर बसली असेल रे!"

सुमननं मला बाजूला ढकललं, त्या चौकोनी भोकात कात्रीचं टोक खुपसलं आणि पिळलं. दार उघडलं!

आत्या घामानं निथळत बाहेर आली. तिची नजर लॅपटॉपवर गेली.

"हे कुठलं दार?"

"आपलंच, आत्या."

"मग मला ह्यातनं का नाही रे काढलास?"

ओटी वेळेवर भरली गेली. पण आत्यानं हा किस्सा अख्ख्या हॉलला ऐकवला. मुलाच्या वडिलांनी मला लांबूनच नमस्कार केला.

आता सरांनी नवीन वस्तू निवडायला सांगितली आहे. सुमननं माझ्या हातात लसणाचा गड्डा ठेवला. "हा खोला."

खोलला. चटणीच्या वेळी दोन पाकळ्या कमी भरल्या!